बॉनेटवरचं कुंकू

चैत्रातला शनिवार होता. शालूबाई मारुतीला तेल वाहून, रुईच्या पानांची माळ घालून घरी आल्या, तर अंगणात पांढरी गाडी उभी. अकोल्याचे जावई आले होते. रीत म्हणजे आधी घरात जावं, पाण्याचा तांब्या न्यावा, वाटेत ऊन लागलं का ते विचारावं. पण शालूबाईंचे पाय गाडीकडेच वळले. बॉनेटवर, काचेच्या अंगाला, बशीएवढं एक स्वस्तिक होतं. कुंकवानं काढलेलं, पण रंग आता कुंकवाचा राहिला नव्हता. वाळल्या चिंचेसारखा झाला होता. त्याच्या एका टोकाला शालूबाईंनी अनामिका टेकवली आणि तेच बोट कपाळाला लावलं. मग त्या घरात गेल्या.

गेल्या दीड वर्षापासूनचा हा नेम. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी या सगळ्यांच्या जोडीला त्यांनी तो मनानंच धरला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. गाडी महिना-दीड महिन्यानं यायची. स्वस्तिक आचलच्या हातचं होतं. आचल त्यांची एकुलती एक लेक, आणि ती आता या जगात नव्हती.

अडीच वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला किशोररावांनी ही गाडी घेतली. ते अकोल्याला कृषी विद्यापीठात नोकरीला. गाडी हातात आली तशी दोघं थेट नांदगाव पेठेला आली, कारण आचलनं हट्टच धरला होता की पूजा होईल तर आईच्या दारात. शालूबाईंनी ताट केलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. कुंकू भिजवायला पाण्याचा गडू आणेपर्यंत आचलला कुठला धीर. तिनं ताटात उरलेलं पाचवं लिंबू फोडून कुंकवात पिळलं आणि गाडीच्या पुढ्यात वाकली. डावखुरी पोर. देवाच्या कामाला उजवा हात लावावा म्हणून शालूबाई तिला लहानपणापासून सांगून सांगून थकल्या होत्या. त्या आत वळल्या तेवढ्यात तिनं डाव्या हातानं स्वस्तिक काढून टाकलं आणि मग उजवा हात कुंकवात बुडवून, भोळं तोंड करून उभी राहिली.

जानरावांनी ते लिंबू पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. जानराव म्हणजे शालूबाईंचे यजमान. नागपूर रस्त्याला लागून त्यांचं गाड्यांच्या रंगकामाचं शेड, मागं घर. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या घासल्या, रंगवल्या, चमकवल्या. ते म्हणाले, सांजपर्यंत हे पुसून टाका. रंगाच्या वर काचेसारखा एक पातळ थर असतो, त्याला आंबट चालत नाही, ऊन लागलं की लिंबू तो खाऊन टाकतं. पण शालूबाईंनी ते होऊ दिलं नाही. पूजेचं कुंकू कुणी पुसतं का? ते आपल्या पायानं आलेलं असतं, आपल्या पायानंच जावं. जावयांनी सासूचा शब्द मानला. दसऱ्यानंतर वऱ्हाडातलं ऊन कसं असतं ते सांगायला नको. दिवाळीच्या आधी गाडी धुतली तेव्हा कुंकू वाहून गेलं, पण खूण रंगात उतरली ती उतरलीच. जानराव दोन दिवस घुश्शात होते. मग म्हणाले, एक दिवस गाडी इथं आणून सोडा, काढून देतो.

तो एक दिवस निघाला नाही. पुढच्या भाद्रपदात आचलला ताप आला. अकोल्याच्या डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला, रक्तातल्या पेशी घसरायला लागल्या तसं नागपूरला न्या म्हणाले. अँब्युलन्सला वेळ लागत होता म्हणून किशोररावांनी तिला आपल्याच गाडीत, शेजारच्या सीटची पाठ मागं करून निजवलं आणि निघाले. नागपूरला दवाखान्यात पोचली, तासाभरानं गेली. शुद्ध अकोल्यातच हरपली होती. असं त्यांनी सांगितलं होतं. अकोल्याहून नागपूरचा रस्ता शालूबाईंच्या दारावरूनच जातो. गाडी त्या दिवशी इथून गेली असणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण पोरीला शुद्धच नव्हती तर थांबून काय झालं असतं, असं म्हणून त्यांनी मनाला समजावलं होतं. डॉक्टरांचे हात लागले, तेवढाच आधार.

आज किशोरराव चहाची कपबशी हातात धरून खाली मान घालून बसले होते. वैशाखात त्यांचं लग्न होतं. मुलगी मूर्तिजापूरची, आरती नाव. हे काही चोरून चाललं नव्हतं. दुसरं करा, असं त्यांना आधी सांगणारे जानरावच. तेव्हा शालूबाईंनीही मान हलवली होती आणि त्या रात्री जेवल्या नव्हत्या.

चहा संपला तरी किशोरराव कपात बघत राहिले. मग बोलले. लग्नाआधी गाडीला पॉलिश करून घ्यायचं होतं. आणि बॉनेटवरचं तेवढं... तिकडच्या मंडळींनी पाहिलं होतं, त्यांना ते बरं वाटलं नव्हतं.

"अकोल्यात कुठंबी झालं असतं, मामाजी," ते म्हणाले. "पन परक्याच्या हातानं नको वाटलं."

जानरावांनी दारातून गाडीकडे पाहिलं. मग सांगितलं की जुनं मशीन जळून गेलं आहे, महिना झाला. नवं घ्यायचंच होतं. अमरावतीला जाऊन घेऊन येऊ, दुपारनंतर काम करू. शालूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी पण येते. मशीन आणायला त्या जन्मात कधी गेल्या नव्हत्या. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं कुणीच नाही.

कॉटन मार्केटच्या रस्त्यावर शेषरावांचं दुकान. हत्यारं, रंग, पॉलिशचं कंपाउंड, सगळं. किशोरराव गाडी लावायला जागा शोधत पुढं गेले आणि हे दोघं पायऱ्या चढले. शेषरावांची आणि जानरावांची वीस वर्षांची ओळख.

"भाऊ, वहिनीले घेऊन इकडं कसे?" शेषराव म्हणाले. "साडीचं दुकान पुढं हाय. लय लोक चुकतात."

"साडीत हिले गती नाई," जानराव म्हणाले. "म्हून मशीन दाखवाले आनलं."

शेषरावांनी दोन मशिनं काउंटरवर ठेवली. त्यांच्या दुकानात एका जुन्या गाडीचा काळा दरवाजा भिंतीला टेकवून ठेवलेला होता, गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता. आधी त्यांनी जड मशीन घेतलं, तोंडाला लोकरीचं पॅड लावलं आणि दरवाज्यावरच्या ओरखड्यांवर टेकवलं. ते किंचाळत फिरलं. अर्ध्या मिनिटात ओरखडे साफ. जानरावांचं जुनं मशीन याच जातीचं. एका जागी गरगर फिरणारं, रंग कापत जाणारं. पण हात जरा रेंगाळला की रंग तापतो, कडेला गेला की जळतो. शेषरावांनी दरवाज्याची कड दाखवली. तिथं कुणीतरी आधी हात चुकवला होता आणि काळ्या रंगातून खालचा राखाडी थर उघडा पडला होता.

मग त्यांनी दुसरं उचललं. हे फिरतंही आणि फिरता फिरता डुलतंही, म्हणाले. पोळपाटावर लाटणं जरा जरा सरकतं तसं. म्हणून एका जागी रंग तापत नाही. फार दाबलं तर आपणच फिरायचं थांबतं. नवशिक्याच्या हातूनही गाडी जळणार नाही.

जानरावांनी जडच हातात घेतलं. सवयीनं. बटण दाबलं तशी त्याची ओढ एका अंगाला गेली आणि शालूबाईंना त्यांची बोटं दिसली. पेरं पांढरी पडली होती. तीस वर्षं त्या थरथरीला धरून धरून या बोटांतला जीव गेला होता. पूर्वी ते रंग किती तापला हे उलटा हात टेकवून ओळखायचे. लोक म्हणायचे जानरावच्या हातात थर्मामीटर आहे. आता चहाचा कढत पेला हातात राहायचा आणि त्यांना कळायचं नाही. महिन्याभरापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीची कड जळली, त्याच दिवशी मशीनही जळलं. ते घरी येऊन म्हणाले, मशीनच जुनं झालं होतं. शालूबाईंनी हो म्हटलं होतं.

"काम काय हाय पन?" शेषरावांनी विचारलं.

जानराव म्हणाले, पांढरी गाडी. वरची बारीक ओरखड्यांची जाळी काढायची, चमक आणायची. आणि बॉनेटवर लिंबाचा डाग आहे. जुना.

"मंग भाऊ, खरं सांगतो. हे हलकं मशीन चमक आनंन, जाळी काढंन. पन खोल गेलेला डाग नाई काढत एवढ्या लवकर. ते राह्यते."

"आन् त्या जडानं?" शालूबाईंनी विचारलं. दुकानात आल्यापासून हा त्यांचा पहिला शब्द.

"पंधरा मिनिटं, वहिनी. डाग होता का नव्हता, कळनार बी नाई."

रस्त्यावरून एक लग्नाची वरात बँड वाजवत गेली. शालूबाईंनी हलक्या मशिनावर हात ठेवला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"हे घ्या. ते जड तुमच्या हाताले झेपत नाई आता."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तरी आपण खोटं बोललो, उपासाच्या दिवशी बोललो, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. मनात त्यांनी मारुतीची क्षमा मागितली, पण हात काढला नाही. जानरावांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"हेच दे, शेषराव," ते म्हणाले. "आन् मऊ पॅड दे फक्त."

शेषराव म्हणाले, कापणारा कडक पॅड पण असू द्या, लागतो कधी. नको, नको म्हणत असतानाच त्यांनी तो पिशवीच्या तळाशी टाकला. तेवढ्यात किशोरराव आले. कोणतं घेतलं, त्यांनी विचारलं. चांगलं मिळालं, जानराव म्हणाले, आणि पिशवी उचलून चालू लागले.

दुपारी शेडच्या सावलीत काम सुरू झालं. गाडी धुऊन पुसून झाली. दाराच्या रबरांना, दिव्यांच्या कडांना जानरावांनी चिकटपट्टी लावली, बॉनेटवर कंपाउंडचे ठिपके दिले आणि आधी हळू वेगावर ते पसरून घेतले. जुन्या मशीनचा आवाज शालूबाईंना देवघरापर्यंत ऐकू यायचा, पोथीचे शब्द बुडायचे. हे मशीन नुसतं गुणगुणत होतं. जानरावांच्या खांद्यांना पूर्वीसारखी ओढ बसत नव्हती. उभा पट्टा, मग आडवा, अर्धा जुन्यावर चढवून. मध्येच ते थांबून कापडानं पुसून घेत आणि तिरक्या नजरेनं उजेडात बघत. किती तरी दिवसांनी शालूबाईंनी त्यांना असं रमलेलं पाहिलं. त्या अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर वाती वळत बसल्या होत्या आणि मनात म्हणत होत्या, सगळंच नीट होईल. गाडीही चमकेल आणि पोरीची खूणही राहील. कुणाला दोष द्यायचा नाही. मशिनानं निघत नाही म्हटल्यावर तिकडची मंडळी तरी काय म्हणणार.

चार वाजेपर्यंत बॉनेट आरशासारखं झालं. निंबाच्या फांद्या त्यात पानापानानं उतरल्या. आणि त्यांच्यामध्ये स्वस्तिक होतं. आधी रंगावर धुळीची, ओरखड्यांची एक साय होती, तिच्याखाली ते मळकट दिसायचं. साय निघाली आणि ते असं उघडं पडलं की शालूबाईंच्या हातातली वात खाली गळाली. प्रत्येक रेघ कुठं सुरू झाली, कुठं बोट उचललं, सगळं दिसत होतं. रेघा उजवीकडून डावीकडं ओढलेल्या होत्या. उजव्या हातानं कुणी तशा ओढत नाही.

जानराव मशीन बंद करून मागं सरले. किशोरराव इतका वेळ दूर फाटकाशी उभे होते, ते पुढं आले. त्यांनी पाहिलं. गाडी उन्हात काढून बघू, म्हणाले, आणि आत बसले. गाडी दोन हात पुढं सरकली आणि थांबली. इंजिन बंद झालं. दार मात्र उघडेना.

शालूबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या. किशोरराव दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होते. काच खाली होती.

"पानी घ्या, किशोरराव. मशिनानं नाई निघालं, त्याले काय करता?"

"आई, तिकडचे कोनी काही नाई बोलले," ते म्हणाले. "मीच खोटं सांगतलं तुमाले."

शालूबाई तांब्या धरून उभ्या राहिल्या.

"इथं बसलं का ते समोरच दिसते. रोज. ऑफिसले जातानी, येतानी. गाडी इकाची म्हनलं तं तुमी इथं त्याच्या पाया पडता, मी पाह्यलं हाय. इकता बी येईना."

मग त्यांनी ते सांगितलं. मध्ये मध्ये थांबून, एकेक वाक्य उचलून ठेवावं तसं. आचल शुद्धीवर होती. बडनेरा गेलं तोवर बोलतही होती; गाडी हळू चालवा, बॉनेट हलते तं माह्यं स्वस्तिक नाचते, असं म्हणून हसली पण होती. नांदगाव पेठ आलं तेव्हा तिनं मान उचलली.

"म्हने, आईचं घर आलं. दोन मिनिटं थांबा, आईले पाहतो. मी म्हनलं, आता नको. येतानी थांबू."

शालूबाईंनी पाण्याचा तांब्या खाली जमिनीवर ठेवला.

"तिवशाच्या पुढं ती बोलली नाई. मी गाडी चालवतच राह्यलो. तिच्याकडं पाह्याची हिंमत नोती होत. त्या स्वस्तिकाकडं पाहून चालवून राह्यलो होतो, नागपूर येईस्तोवर. दवाखान्यात त्यांनी हात लावला आन् म्हनलं, लय वेळ झाला."

एक ट्रक हॉर्न वाजवत रस्त्यावरून गेला. त्या दिवशी दुपारी शालूबाई याच निंबाखाली, याच बाजेवर होत्या. लाख वातींचा नेम चालू होता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, जातातच. पांढऱ्या किती तरी. त्यांनी मान वर केली नव्हती. वातीचा पीळ सुटतो.

आणि हे कुंकू. त्यांनीच म्हटलं होतं की पुसू नका. त्या दसऱ्याला सांजवेळी ओल्या फडक्यानं ते निघालं असतं. दीड वर्ष या माणसाच्या डोळ्यांसमोर ते कुणी ठेवलं होतं, तर त्यांनी. आणि आज दुकानात, मशिनावर हात ठेवून, परत त्यांनीच.

मग त्यांनी एकच विचारलं.

"तिले तहान लागली होती का?"

किशोररावांना आधी कळलं नाही. मग ते म्हणाले, "हो. बोरगावापाशी मांगतलं तिनं. बाटलीनं पाजलं मी. मंग इथून गेल्यावर बी दोन घोट घेतले."

"तुमच्या हातचं पानी होतं तिच्या तोंडात."

"हो."

"मंग झालं," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून हात आत घालून जावयाच्या डोक्यावर ठेवला. किशोरराव स्टेअरिंगवर कपाळ टेकून रडले. चाळिशीकडे झुकलेला माणूस, आवाज न करता रडला. शालूबाईंना रडू आलं नाही. त्यांना फक्त वाटत होतं की ऊन उतरायच्या आत एक काम उरकायला हवं.

शेडमध्ये जानराव चिकटपट्ट्या काढत होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांची पाठ इकडं होती आणि हात एकाच पट्टीवर केव्हाचा थांबला होता.

"पानपेपर कुठं हाय?" शालूबाईंनी विचारलं. "तुमी सांगता ना, पान्यात भिजवून घासाचा कागद. बारीक."

"मी करतो ना."

"तुमाले बोटाले कळत नाई आता. जास्त घासलं तं खालचा रंग निंघन. मले कळते. रोज गंध उगाळतो मी."

जानरावांनी नाही म्हटलं नाही. बादलीत साबणाचं पाणी केलं, त्यात कागद भिजत घातला, लाकडी ठोकळ्याला रबर लावून त्याच्यावर गुंडाळून दिला. गाडी पुन्हा सावलीत घेतली. किशोरराव उतरून बाजूला उभे राहिले. शालूबाईंनी पदर खोचला, हात धुतले आणि वाकण्याआधी अनामिका त्या टोकाला टेकवली. या वेळी बोट कपाळाला नेलं नाही.

"दाबू नको," जानराव सांगू लागले. "कागदाचं वजन तेवढंच. पानी तोडू नको. गोल नाई, सरळ."

उगाळताना हात गोल फिरतो. तो सरळ न्यायला त्यांना वेळ लागला. मग जमलं. कागद आधी खरखरत होता, हळूहळू गुळगुळीत सरकू लागला. त्या फरकावरून किती घासलं ते कळत होतं, सहाणेवर कळतं तसंच. पांढरं, पातळ दुधासारखं पाणी बॉनेटवरून उतरून समोरच्या जाळीवर ओघळत होतं. जानराव एका हातानं पाणी सोडत होते, दुसऱ्यानं पुसून बघत होते. पहिली भुजा फिकट झाली. दुसरी. शालूबाईंचे ओठ हलत होते, पण ते कुठलं स्तोत्र नव्हतं. त्या नुसतं बाई, बाई म्हणत होत्या, आचलला लहानपणी निजवताना म्हणायच्या तसं.

"दुकानात मी तुमच्या हाताचं नाव सांगतलं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"माईत हाय मले," जानराव म्हणाले. "मऊ पॅडच कोनं मांगतला मंग?"

त्यांनी पाणी सोडलं. शालूबाईंनी घासलं.

शेवटचं टोक, ज्याला त्या बोट लावत, ते सगळ्यात खोल उतरलं होतं. बोट तिथं जरा जास्त टेकलं असावं पोरीचं. तिथं आल्यावर शालूबाई थांबल्या. जानरावांनी हात पुढं केला, पण त्यांनी कागद सोडला नाही. ओला करून घेतला आणि पुन्हा सुरू केलं. जेव्हा जानरावांनी फडकं फिरवलं तेव्हा तिथं बशीएवढा एक धुरकट पांढरा गोल उरला होता, श्वास पडलेल्या आरशासारखा, आणि त्यात काही नव्हतं.

पिशवीच्या तळचा कडक पॅड आता उपयोगी आला. त्याच्यामागून मऊ. मशीन गुणगुणलं आणि तो धुरकटपणाही गेला. निंबाच्या फांद्या सलग दिसू लागल्या.

दिवस कलताना किशोरराव निघाले. शालूबाईंनी त्यांना पाटावर बसवून ओवाळलं, हातावर दही दिलं आणि कपाटातला एक चोळीचा खण कागदात बांधून दिला. हा आरतीला द्या, असं म्हणाल्या. गाडीलाही कुंकू लावायचं का, असं जानरावांनी विचारलं. लावणारी येईल तिची ती, शालूबाई म्हणाल्या. पण पाण्यात भिजवून लावा म्हणावं, आणि सांजच्याला पुसून टाका.

किशोरराव गाडीत बसले. त्यांनी काच खाली केली.

"इकडून जानं झालं का थांबत जा," शालूबाई म्हणाल्या. "जातानी बी. येतानी बी."

ते हो म्हणाले. गाडी रस्त्याला लागली, अकोल्याच्या बाजूला वळली. मावळतीचं ऊन तिच्या अंगावर एकदम लखकन चमकलं आणि मग ती बाकीच्या गाड्यांसारखी एक पांढरी गाडी झाली. ती दिसेनाशी होईपर्यंत शालूबाई बघत राहिल्या.

बादलीतलं पाणी अजून तसंच होतं. जानराव ते मोरीत ओतायला निघाले तर त्यांनी बादली त्यांच्या हातून घेतली आणि निंबाच्या बुडाशी हळूहळू रिती केली. मग दिवे लागले, उपास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवापुढं बसल्या. सहाणेवर पाण्याचा थेंब टाकला आणि चंदनाचं खोड धरलं, तेव्हा बोटांची टोकं झोंबली. कागदानं ती सोलवटली होती. अनामिकेला तर बारीक चीर पडली होती. त्यांनी खोड खाली ठेवलं नाही. गंध झालं, देवाला लावून झालं. मग उरलेल्या गंधाचं बोट कपाळाशी नेता नेता त्या थांबल्या आणि ते झोंबणारं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्यांनी आज मान वळवून एकेकीकडे पाहिलं.